सोबत बाहेरची, जबाबदारी घरची : डिजिटल परिवर्तनातील भागीदाराची निवड

कंपनीच्या डिजिटल परिवर्तनाचा विषय निघाला की चर्चा लगेच सॉफ्टवेअर, मोबाइल अ‍ॅप आणि क्लाउड यांच्याकडे वळते. परंतु ही साधने हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही मूळ प्रश्न कामाच्या पद्धतीचाच राहतो. मालाची मागणी कोण नोंदवतो, गोदामातील साठ्याचा आकडा कोणाच्या वहीवर अवलंबून असतो, बिल कोणाच्या मंजुरीने निघते आणि ग्राहकाची तक्रार किती टेबलांवरून फिरून मार्गी लागते, यांची नव्याने मांडणी करून त्या मांडणीला संगणकीय यंत्रणेचा आधार देणे म्हणजे डिजिटल परिवर्तन होय. जुनी वही जशीच्या तशी पडद्यावर उतरवली तर संगणकीकरण झाले असे म्हणता येते. मात्र वहीतील अडचणीही त्याबरोबर पडद्यावर येतात, आणि आता त्या अधिक वेगाने पसरतात.

एवढे काम स्वतःच्या बळावर पार पाडणे बहुतेक कंपन्यांना शक्य नसते. भोसरी किंवा चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्याचे कौशल्य धातूकाम, साचे आणि वेळेवर माल पोहोचवण्याची शिस्त यांत असते. ईआरपी, म्हणजे खरेदी, उत्पादन, साठा, विक्री आणि हिशेब यांना एका सूत्रात बांधणारी संगणकप्रणाली, बसवण्याचे ज्ञान त्याच्याकडे असण्याचे कारण नाही. म्हणून बाहेरचा भागीदार शोधला जातो, आणि त्यात गैर काहीच नाही. कोणते काम बाहेर सोपवावे आणि कोणती समज घरात ठेवावी, याचा निर्णय मात्र अनेकदा झालेलाच नसतो. बाहेरच्या कंपनीकडून माणसे, अनुभव आणि तंत्रज्ञान घेता येते. आपल्या व्यवसायाचे भान आणि चुकांचे उत्तरदायित्व तिच्याकडे सोपवता येत नाही. भागीदाराच्या निवडीची प्रत्येक पायरी या एका मर्यादेच्या प्रकाशात पाहावी लागते.

या क्षेत्रात भागीदार म्हणवणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. सॉफ्टवेअर तयार करून त्याचे परवाने विकणारी कंपनी एक, ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या गरजेनुसार बसवून देणारा इम्प्लिमेंटेशन पार्टनर दुसरा, मुळात काय घ्यावे याचा सल्ला देणारा सल्लागार तिसरा आणि यंत्रणा सुरू झाल्यावर वार्षिक कराराने तिची देखभाल करणारा चौथा. पुष्कळदा एकच कंपनी यांतील दोन-तीन भूमिका वठवते. अशा वेळी तिचे उत्पन्न नेमके कशातून येते, हे समजून घेणे अगत्याचे ठरते. कारण एखाद्या विशिष्ट उत्पादनाच्या विक्रीवर ज्याला दलाली मिळते, त्याने दिलेला सल्ला प्रामाणिक असला तरी तटस्थ असतोच असे नाही. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत स्पष्ट शब्दांत विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही.

निवड आणि देखरेख यांत राहिलेल्या उणिवांची किंमत किती मोठी असू शकते, याचे सखोल तपासले गेलेले उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी या बँकेचे आहे. २००८च्या आर्थिक संकटात सरकारी मदत स्वीकारलेल्या लॉइड्स बँकिंग ग्रुपला युरोपीय नियमांनुसार आपला काही व्यवसाय वेगळा करावा लागला. त्यातून २०१३ मध्ये टीएसबी स्वतंत्र नावाने उभी राहिली आणि २०१५ मध्ये साबादेल या स्पॅनिश बँकेने ती सुमारे १७० कोटी पौंडांना विकत घेतली. मालक बदलला तरी टीएसबीची खाती लॉइड्सच्याच संगणकांवर चालत होती आणि त्याचे शुल्क भरावे लागत होते. साबादेलच्या मूळ प्रणालीवर आधारलेली नवी प्रणाली ब्रिटनसाठी तयार करून सर्व ग्राहकांना तिच्यावर हलवण्याचे ठरले, आणि प्रणाली उभारण्याचे व पुढे ती चालवण्याचे काम साबिस या साबादेलच्याच तंत्रज्ञान कंपनीला देण्यात आले. टीएसबीच्या दृष्टीने साबिस बाहेरची सेवापुरवठादार होती. परंतु दोघींचे मालक एकच असल्याने परक्या पुरवठादाराला विचारले जाणारे अवघड प्रश्न येथे पुरेशा कठोरपणे विचारले गेले नाहीत.

२० ते २२ एप्रिल २०१८ या शुक्रवार ते रविवारच्या काळात स्थलांतर झाले. विशेष म्हणजे खात्यांची माहिती नव्या ठिकाणी सुखरूप पोहोचली. पण ती जिच्यावर चालायची ती प्रणाली ग्राहकांचा भार पडताच अडखळू लागली. सुमारे १९ लाख ग्राहकांना ऑनलाइन खाते उघडता येईना, काहींना दुसऱ्यांच्याच खात्यांचा तपशील दिसू लागला, शाखांमधील कामकाजही विस्कळीत झाले, आणि व्यवहार पूर्णपणे सुरळीत व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. बँकेचे ग्राहक ५२ लाख होते. पुढच्या सुमारे वर्षभरात सव्वादोन लाखांहून अधिक तक्रारी आल्या आणि बँकेला ३ कोटी २७ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन वित्तीय नियामकांनी मिळून टीएसबीला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला.

बँकेच्या संचालक मंडळाने नेमलेल्या स्लॉटर अँड मे या विधिसंस्थेचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि भागीदार निवडणाऱ्या कोणालाही त्यातील निष्कर्ष उपयोगी पडावेत असे आहेत. काम संपण्याची तारीख आधी ठरवून तिच्यापासून मागे येत वेळापत्रक आखले गेले होते. कामाला प्रत्यक्षात किती अवधी लागेल, हा हिशेब त्यामुळे दुय्यम ठरला. साबिस स्वतः सारे काम करणार नव्हती, तिच्यामागे ८५ उपकंत्राटदार आणि पुरवठादार उभे होते. एवढ्या मोठ्या संख्येने ब्रिटनमधील उपकंत्राटदारांकडून सेवा करवून घेण्याचा अनुभव तिला नव्हता, आणि हा मुद्दा संचालक मंडळाने लावून धरला नाही. प्रणाली दोन माहितीकेंद्रांतून, म्हणजे सर्व्हर ठेवलेल्या दोन स्वतंत्र ठिकाणांहून, एकाच वेळी चालणार होती. पण भार सोसण्याची चाचणी त्यांपैकी एकाच केंद्रावर घेतली गेली. स्थलांतरापूर्वी साबिसने आपल्या सिद्धतेची ग्वाही देणारे पत्र दिले, तथापि उपकंत्राटदारांविषयीचा त्यातील मजकूर बव्हंशी अपेक्षेच्या भाषेत होता, आणि ते पत्र खोलात न जाता स्वीकारले गेले.

या प्रकरणाचा शेवटचा टप्पा सर्वांत लक्षणीय आहे. एप्रिल २०२३ मध्ये टीएसबीचे तत्कालीन मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांना त्या दोहोंपैकी एका नियामकाने व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड केला, तो बाहेर दिलेल्या कामावर बँकेची पुरेशी देखरेख राहील यासाठी त्यांनी वाजवी पावले उचलली नाहीत, या कारणासाठी. तांत्रिक दोष पुरवठादाराकडच्या यंत्रणेत होता, पण खापर पुरवठादाराच्या माथी फोडून मोकळे होण्याची वाट नियामकाने ठेवली नाही. भागीदाराच्या पाठीमागे आणखी कोण आहेत, त्यांची तयारी कोणी आणि कशी तपासली, आणि तपासल्याचा पुरावा कोठे आहे, हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. ते काम देणाऱ्याचे कर्तव्यच ठरते.

टीएसबीत देखरेख कमी पडली, तर अमेरिकेतील हर्ट्झ या मोटारी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात वाद पेटला तो मागणी आणि पूर्तता यांतील अंतरावरून. नवे संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप तयार करण्यासाठी हर्ट्झने २०१६ मध्ये अ‍ॅक्सेंचर या विख्यात कंपनीची निवड केली. डिसेंबर २०१७ची मुदत टळली, नंतरच्याही मुदती टळल्या, मे २०१८ मध्ये हर्ट्झने संबंध तोडले आणि एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा दाखल केला. ३ कोटी २० लाख डॉलरहून अधिक शुल्क मोजूनही वापरता येण्याजोगे काही हाती आले नाही, असे हर्ट्झचे म्हणणे होते. अ‍ॅक्सेंचरने आरोप फेटाळले. न्यायालयीन वादात दोन्ही बाजूंचे दावे असतात, हे ध्यानात ठेवूनही तक्रारीतील काही बारकावे पाहण्यासारखे आहेत. संकेतस्थळ लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सर्व पडद्यांवर नीट दिसावे असे ठरलेले असताना टॅबलेटच्या आकाराचा मधला आराखडा वगळला गेला आणि तो करून देण्यासाठी वेगळे पैसे मागितले गेले, असा एक आरोप होता. हर्ट्झच्याच डॉलर आणि थ्रिफ्टी या भावंड कंपन्यांनाही तीच मूळ रचना वापरता यावी अशी अट असताना लिहिला गेलेला प्रोग्राम फक्त हर्ट्झपुरता चालेल असा होता, हा दुसरा.

या तक्रारीतील आणखी एक तपशील बहुधा नजरेतून सुटतो. एवढे प्रचंड काम पेलण्याइतके तज्ज्ञ मनुष्यबळ आपल्याकडे नव्हते, म्हणूनच बाहेरची कंपनी निवडली आणि प्रकल्पाचे व्यवस्थापनही तिच्याकडे दिले, असे स्वतः हर्ट्झनेच नमूद केले होते. खरी मेख येथे आहे. काम करणारा आणि ते ठीक झाले की नाही हे ठरवणारा, अशा दोन्ही खुर्च्या एकाच पक्षाला दिल्या की उणीव उघडकीस येते ती मुदत उलटल्यावरच. लहान कंपनीनेही या कामासाठी निदान एक जाणता अधिकारी घरचा नेमावा, त्याला इतर कामांतून मोकळे करावे आणि दर पंधरवड्याला चालता भाग प्रत्यक्ष वापरून पाहण्याचा अधिकार त्याला द्यावा. हा अधिकारी प्रोग्रामिंग जाणणारा असण्यापेक्षा कंपनीचा कारभार आतून-बाहेरून जाणणारा असणे अधिक मोलाचे आहे.

उत्तम भागीदार असूनही काम का फसते, याचे उत्तर जर्मनीतील लिडल या किराणा विक्रीसाखळीच्या अनुभवातून मिळते. २०११च्या सुमारास हाती घेतलेला, एसएपी या प्रसिद्ध सॉफ्टवेअरवर आधारलेला मालव्यवस्थापनाचा प्रकल्प लिडलने २०१८ मध्ये सोडून दिला. त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे वृत्त होते. अडचणीचे एक ठळक कारण हिशेबाच्या सवयीत दडलेले होते. लिडल आपल्या साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीवर मांडत असे, तर त्या सॉफ्टवेअरच्या प्रमाणित रचनेत ते विक्रीच्या किमतीवर मांडले जाई. कंपनीला आपली पद्धत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करावे लागले, आणि फेरफार जसजसे वाढले तसतशी गुंतागुंत, खर्च आणि विलंबही वाढत गेला. आपल्या कोणत्या पद्धती खरोखर व्यवसायाचा कणा आहेत आणि कोणत्या केवळ वर्षानुवर्षांच्या सवयी आहेत, हे ठरवणे भागीदाराच्या हातचे नसते; ते भागीदार निवडण्यापूर्वी घरातच ठरावे लागते. ‘कस्टमायझेशन’ या नावाखाली ग्राहक मागेल तो प्रत्येक बदल करून देण्यास तयार असणारा भागीदार सुरुवातीला सोयीचा वाटतो, पण सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली की ते सारे बदल नव्याने बसवण्याचा खर्च ग्राहकाच्याच गळ्यात पडतो. नाही म्हणण्याची आणि त्यामागचे कारण समजावून सांगण्याची तयारी हा चांगल्या भागीदाराचा गुण मानला पाहिजे.

प्रत्यक्ष निवडीच्या वेळी सादरीकरणाला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. पुरवठादार दाखवतो तो डेमो त्याच्या स्वतःच्या नमुना माहितीवर चालतो, आणि ती माहिती नेहमीच स्वच्छ असते. त्याऐवजी कंपनीने आपल्याच कारभारातील दोन-तीन किचकट व्यवहार निवडून ते करून दाखवण्यास सांगावे : अर्धा माल परत आलेली विक्री, दोन कारखान्यांत विभागलेली एकच मागणी, महिनाअखेरीस बदललेला दर, नंतर रद्द करावे लागलेले जीएसटीचे ई-इन्व्हॉइस. अशा व्यवहारांतच यंत्रणेचा आणि ती बसवणाऱ्यांच्या समजुतीचा कस लागतो. सादरीकरणाला आलेले अनुभवी अधिकारी करारावर सही होताच दुसऱ्या ग्राहकाकडे जातात आणि प्रत्यक्ष कामावर नवखी मंडळी येतात, ही तक्रार या व्यवसायात इतकी सार्वत्रिक आहे की मुख्य चार-पाच व्यक्तींची नावे व त्यांनी द्यावयाचा वेळ करारातच लिहून घेणे शहाणपणाचे ठरते. जुन्या ग्राहकांकडे चौकशी करताना पुरवठादाराने सुचवलेल्या नावांवर थांबू नये. त्याची सेवा सोडून गेलेल्या एखाद्या ग्राहकाशी बोलणे झाले तर त्यातून कळणारे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

मोबदल्याची रचना भागीदाराच्या वागण्याला वळण लावते. तासांच्या हिशेबाने पैसे दिले तर काम लांबण्यात पुरवठादाराचे नुकसान नसते. ठोक रक्कम ठरवली तर प्रत्येक नवी गरज कराराबाहेरची असल्याचा वाद उभा राहतो. या दोहोंपेक्षा वेगळा प्रयोग भारतात भारती एअरटेलने केला. २००४ मध्ये तिने आयबीएमशी दहा वर्षांचा, सुमारे ७५ कोटी डॉलरचा करार करून आपली माहिती-तंत्रज्ञान यंत्रणा तिच्याकडे सोपवली आणि मोबदला एअरटेलच्या महसुलाशी जोडला. एअरटेलचा व्यवसाय वाढला तरच आयबीएमची मिळकत वाढणार असल्याने दोघांचे हित एका दिशेला आले. शिवाय ग्राहकांशी असलेले नाते, दरांचे धोरण आणि परवान्यांसंबंधीचे निर्णय एअरटेलने आपल्याकडेच ठेवले. प्रत्येक कंपनीला असा करार झेपणार नाही, पण रकमेचे हप्ते दिनदर्शिकेऐवजी तपासून मान्य केलेल्या कामाशी बांधणे आणि शेवटचा मोठा हप्ता यंत्रणा काही महिने विनातक्रार चालल्यावर देणे कोणालाही शक्य आहे.

करारातील एका बाबीकडे भारतीय कंपन्यांचे, विशेषतः लहान उद्योगांचे, सहसा दुर्लक्ष होते. पैसे दिले म्हणजे तयार झालेला प्रोग्राम आपल्या मालकीचा झाला, असा समज सर्वत्र आढळतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीच्या ओघात कर्मचाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामवर सर्वसाधारणपणे मालकाचा हक्क असतो. परंतु बाहेरच्या स्वतंत्र पुरवठादाराने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला हक्क, वेगळे ठरले नसेल तर, त्या पुरवठादाराकडेच राहतो. तो हस्तांतरित करायचा तर लेखी आणि सहीनिशी करावा लागतो, आणि त्यातही मुदत नमूद केली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरते, प्रदेश नमूद केला नसेल तर ते भारतापुरते असल्याचे कायदा गृहीत धरतो. एका वाक्याच्या अभावी स्वतःच्याच पैशाने उभारलेल्या यंत्रणेत बदल करण्यासाठी पुरवठादाराची परवानगी मागण्याची वेळ येऊ शकते.

माहितीच्या सुरक्षिततेबाबत भारतातील नियम आता पुष्कळ स्पष्ट झाले आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहकांची माहिती गोळा करणारी कंपनीच तिच्या रक्षणास उत्तरदायी असते, मग त्या माहितीवरील प्रक्रिया बाहेरची संस्था का करत असेना. वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या निर्देशांत तर सेवा बाहेर दिल्याने संचालक मंडळाची जबाबदारी कमी होत नाही, हे तत्त्व नि:संदिग्धपणे मांडले आहे. व्यापारी बँकांबरोबरच मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही ते लागू आहेत. पुरवठादाराच्या लेखापरीक्षणाचा हक्क, उपकंत्राटदारांवर नजर, एकाच पुरवठादारावर विसंबण्याच्या धोक्याचा विचार आणि बाहेर पडण्याची योजना या गोष्टी त्यांत अपेक्षित आहेत.

सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या महाराष्ट्राला या निर्देशांमागची निकड वेगळी सांगण्याची गरज नाही. जुलै २०२४च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या, प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामचा, हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीला देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले आणि देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. यांतील बँकांच्या स्वतःच्या कारभारात काही चूक असण्याची गरजच नव्हती. पुरवठादार एकच असल्याने त्याची अडचण सर्वांची झाली. लहान बँकेला दोन पुरवठादार परवडत नाहीत, हे खरे आहे. पण आपल्या खात्यांची ताजी प्रत स्वतंत्र ठिकाणी राहते का, पुरवठादाराची यंत्रणा बंद पडली तर पहिल्या दिवशी शाखेने काय करायचे आणि ग्राहकांना कोणी कळवायचे, एवढे ठरवून त्याचा सराव करणे तिलाही परवडते.

रिझर्व्ह बँकेला अपेक्षित असलेली बाहेर पडण्याची योजना बोलणी चालू असतानाच लिहून घ्यावी लागते, कारण वाटाघाटीत कंपनीची बाजू सही होण्यापूर्वी जितकी बळकट असते तितकी ती नंतर राहत नाही. करार संपल्यावर सारी माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, नव्या पुरवठादाराला समजावून देण्यासाठी जुना पुरवठादार किती काळ आणि कोणत्या दराने थांबेल, त्याच्याकडील प्रती नष्ट केल्याचा दाखला कोण देईल, हे त्यात यावे. संकेतस्थळाचे नाव, क्लाउडचे खाते, अ‍ॅपचे प्रकाशन-खाते आणि या सर्वांचे सर्वोच्च अधिकार असलेले पासवर्ड पहिल्या दिवसापासून कंपनीच्याच नावावर आणि कंपनीच्याच ताब्यात असावेत. पुरवठादाराला कामापुरते अधिकार द्यावेत आणि काम संपताच ते काढून घ्यावेत. वर्षातून एकदा माहितीची परत मिळणारी प्रत प्रत्यक्ष मागवून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, म्हणजे करारात लिहिलेले कलम अमलात येण्याजोगे आहे की कागदावरच आहे, हे गरज पडण्याआधी कळते.